बिना बराच्या डोंगरावर लग्न, आणि होमाचा प्रश्न

माझ्या मावसबहिणीला डोंगरातलं लग्न हवं होतं. शुक्रवारी संध्याकाळी सगळ्यांनी वर जायचं, शनिवारी लग्न, रविवारी जंगलात फेरी मारून परत. जागाही तिने ठरवून टाकली होती: ब्रिस्बेनच्या दक्षिणेला, लॅमिंग्टन राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला असलेलं बिना बरा. (नाशिकहून मावशीचा पहिला प्रश्न: "म्हणजे बऱ्याविना का गं?" बिना बरा म्हणजे जिथे बीचची झाडं वाढतात ती जागा, नाव तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं आहे.) "तू इतिहासवाली, निमंत्रणासोबत द्यायला चार ओळी लिहून दे," एवढंच काम माझ्याकडे आलं. 'जुन्या लाकडी केबिनांच्या सहवासात' हे सुरुवातीचं वाक्य तिने स्वतःच लिहून ठेवलं होतं. ते मला खोडावं लागलं. त्या केबिन्स आता नाहीत.

या वस्तीच्या मुळाशी असलेला रोमियो लेही हा इंजिनिअर, आणि घरचा धंदा लाकूडकापणीचा. कनंग्रा गावात त्याच्या घराण्याची मोठी गिरणी होती. ज्या झाडांवर घर चाललं तीच वाचवायला हा माणूस उभा राहिला. जमीनदार रॉबर्ट कॉलिन्सने या डोंगरांसाठी आधीपासून खटपट चालवली होती, पण १९१३ मध्ये तो वारला. मग लेहीने घरोघर फिरून सह्या गोळा केल्या, सरकारच्या मागे लागला, आणि १९१५ मध्ये लॅमिंग्टन राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. पण उद्यान नकाशावर असून भागत नाही, लोकांना तिथे राहता आलं तरच ते त्याची बाजू घेतील, हे लेही आणि आर्थर ग्रूम या लेखक-भटक्याने ओळखलं. दोघांनी मिळून १९३३ मध्ये शेअर विकून कंपनी काढली. पैसा मंदीच्या दिवसांतला, म्हणजे बेताचाच. वरपर्यंत गाडीरस्ता नव्हता. सामान तारेवरच्या पाळण्यातून, फ्लाइंग फॉक्सने, ओढून घेतलं जाई. जाड फळ्यांच्या केबिन्स अशा उभ्या राहिल्या. त्याच दशकात बेकारांना काम म्हणून जंगलातल्या पायवाटा खोदल्या गेल्या. त्यांतली बॉर्डर ट्रॅक ही सुमारे २१ किलोमीटरची वाट आजही चालता येते, आणि तिचा चढ इतका मऊ आहे की मावशीच्या गुडघ्यांनाही पहिले दोन किलोमीटर झेपावेत.

८ सप्टेंबर २०१९ रोजी वणवा वर चढला. पाहुण्यांना आधीच खाली उतरवलं होतं, त्यामुळे माणसं वाचली. लॉज आणि जुन्या केबिन्स जळून गेल्या. सदाहरित, ओल्या समजल्या जाणाऱ्या जंगलाच्या अंगाला, तेही वसंताच्या सुरुवातीलाच, आग भिडली याचा अनेकांना धक्का बसला. जागा जवळपास वर्षभर बंद राहिली. आज पाहुणे राहतात ते वाचलेल्या नव्या इमारतींत आणि नंतर उभारलेल्या छोट्या घरांत.

आता अशा जागी होम कसा पेटवायचा? आगीचा धोका वाढला की सरकार उघड्यावर काहीही पेटवायला बंदी घालतं, आणि ती बंदी ऐन लग्नाच्या आदल्या दिवशीही येऊ शकते. हॉलमध्ये पेटवला तर स्मोक अलार्म मंगलाष्टकांच्या वरच्या पट्टीत गाईल. मावशी मात्र ठाम: "अग्नीच्या साक्षीशिवाय लग्न कसलं?"

मुहूर्ताच्या याद्या काढून बसले तेव्हा एक गंमत लक्षात आली. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंतच्या चातुर्मासात आपल्याकडे मुहूर्त नसतात. महाराष्ट्रात ते पावसाचे, शेतीच्या कामांचे, वाटा बंद होण्याचे महिने. इथे त्यांतलेच ऑगस्ट ते ऑक्टोबर हे कोरडे, वाऱ्याचे, वणव्याचे. कारण अगदी उलटं, तरी पंचांग इथेही उपयोगी पडलं! बहिणीच्या डोक्यातला सप्टेंबर त्यामुळे आपोआप बाद झाला. डिसेंबर ते मार्च डोंगरावर पाऊस, धुकं आणि जळवा. उरला वैशाख. क्वीन्सलंडमध्ये मे महिन्याच्या पहिल्या सोमवारी कामगार दिनाची सुटी असते, म्हणून तोच जोडून आलेला शनिवार धरला.

होमाबद्दल मी मावशीला इतिहास सांगून पाहिला. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने भटजीविना लग्नं लावायला सुरुवात केली. वधूवरांनी एकमेकांना वचनं द्यावीत अशी मंगलाष्टकं जोतीरावांनी रचली. "ते थोर होते, तुम्ही सुटी घेऊन लग्न करताय," हे तिचं उत्तर. उत्तर चोख होतं, मी गप्प बसले.

मग तिलाच विचारलं, तुझ्या लग्नाचं तुला काय आठवतं? अंतरपाट, म्हणाली. तो खाली आला आणि तुझे काका घामाने निथळत समोर उभे होते. होमाच्या वेळी कोण होतं गं? "कोण असणार? पंगत बसली होती!" आपल्या लग्नात लोक जमतात ते अक्षता टाकायला, होमाला आणि सप्तपदीला घरची चार माणसं आणि गुरुजी. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने मात्र, जिथे सप्तपदीची रीत आहे तिथे, सातव्या पावलाला लग्न पुरं होतं असं ठरवलं. ऑस्ट्रेलियाच्या १९६१ च्या कायद्याला त्यातलं काहीच लागत नाही. त्याला किमान महिनाभर आधी दिलेली नोटीस, अधिकृत सेलिब्रंट, दोन सज्ञान साक्षीदार आणि ठरावीक शब्द पुरतात. ती नोटीस आम्ही सगळ्यात आधी भरून टाकली.

ठरलं ते असं. शनिवारी वर, हॉलच्या आत, अंतरपाट आणि अक्षता. आतच, कारण बाहेर ब्रश टर्की तांदळावर तुटून पडतील, आणि त्या जंगलातल्या पक्ष्यांना आपण भात भरवायचा नाही. सेलिब्रंटसमोर सह्याही तिथेच. सोमवारी ब्रिस्बेनला बहिणीच्या परसात, बंदी नसेल तर, छोट्या कुंडात होम आणि सप्तपदी. पाण्याचा पाइप जोडून, बादल्या भरून. गुरुजींनी दोन दिवसांची ही फोड मान्य केली, थोडी कुरकुर करून.

मावशीने होकार दिला तो मात्र यातल्या कशामुळेही नाही. २०१९ च्या आगीनंतरचा एक फोटो मी तिला पाठवला होता. दिवसभर काही बोलली नाही. संध्याकाळी तिचा संदेश आला: "तिथे नको पेटवायला." पाठोपाठ दुसरा: "पण घरी बादल्या चार ठेवा, दोन नाही."