चार सरोवरांच्या कुशींतील दोन द्वीपकल्पें



द्वीपकल्प म्हटलें कीं तीन बाजूंनीं खारा समुद्र असलेली भूमि आपल्या डोळ्यांपुढें उभी राहते. आपण स्वतः अशाच एका विशाल द्वीपकल्पाचे रहिवासी असल्यामुळें तें साहजिकच आहे. पण जेथें किनाऱ्यावर लाटा फुटतात, दीपगृहें जळतात, वादळांत मोठमोठीं जहाजें बुडतात आणि तरीहि जेथील पाण्याला मिठाची चव म्हणून नाहीं, अशींहि द्वीपकल्पें पृथ्वीवर आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मिशिगन हें राज्य अशा एक नव्हे, दोन द्वीपकल्पांचें बनलेलें आहे. त्यांची घडण आणि त्या घडणीनें माणसांच्या इतिहासाला दिलेलें वळण हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम नकाशा मनापुढें आणूं. दक्षिणेकडील द्वीपकल्प बोटें वर करून धरलेल्या हातमोज्यासारखें दिसतें. तेथील लोक आपलें गांव कोठें आहे हें सांगतांना उघडा पंजा पुढें करून त्यावर बोट ठेवतात. त्याच्या पश्चिमेस मिशिगन सरोवर, पूर्वेस ह्यूरन आणि आग्नेयेच्या कोपऱ्यास ईरी. या हातमोज्याच्या वर आडवें पसरलेलें तें दुसरें द्वीपकल्प; त्याच्या उत्तरेस सुपीरिअर सरोवर आहे. सरोवर या शब्दानें आपली फसगत होऊं नये. एकट्या सुपीरिअरचें क्षेत्रफळ सुमारें ३१,७०० चौरस मैल, म्हणजे महाराष्ट्र राज्याच्या चौथ्या हिश्श्याहून अधिक असून त्याची कमाल खोली १,३३० फूट आहे. या चार सरोवरांत ऑन्टॅरिओ हें पांचवें मिळविलें, तर पृथ्वीच्या पाठीवरील द्रवरूप गोड्या पाण्याचा जवळ जवळ पांचवा हिस्सा एवढ्या एका प्रदेशांत सांठलेला आढळतो.

हें पाणी येथें आलें कसें? हिमयुगांत या भूमीवर मैल-दीड मैल जाडीचा बर्फ पसरलेला होता. तो हळूहळू सरकतांना त्यानें मऊ खडक खरवडून काढले. कठीण खडक तेवढे कांठाप्रमाणें उभे राहिले. सुमारें १४,००० ते १०,००० वर्षांपूर्वीं बर्फ मागें हटला, आणि खरवडलेल्या खोलगट भागांत पाणी भरलें. बर्फानें टाकून दिलेली माती, वाळू आणि गोटे यांचेंच दक्षिण द्वीपकल्पाचें बहुतेक अंग बनलेलें आहे. उत्तरेकडील द्वीपकल्पाचा पश्चिम भाग मात्र फार पुरातन. तेथें १०० कोटी वर्षांहून जुन्या लाव्हाच्या थरांत शुद्ध तांबें जसेंच्या तसें सांपडतें.

हवामानावरहि या पाण्याचीच सत्ता आहे. पश्चिमेचा वारा मिशिगन सरोवरावरून येतो. वसंतांत गार पाणी झाडांचा मोहोर लांबवितें, म्हणून तो उशीराच्या हिमांतून वांचतो. शरदांत तेंच पाणी ऊब धरून ठेवतें. त्यामुळें दक्षिण द्वीपकल्पाचा पश्चिम किनारा चेरी आणि सफरचंद यांच्या बागांनीं भरला आहे. पण हेंच सरोवराचें बाष्प उत्तरेस क्यूविनॉ येथें हिम होऊन कोसळतें. १९७८-७९ च्या एका हिंवाळ्यांत तेथें ३९० इंच हिम पडलें.

ओजिब्वे, ओडावा आणि पोटावाटोमी हे येथील मूळचे लोक. भूर्जाच्या सालीच्या होड्यांतून ते या सरोवरांवर संचार करीत. पाणी ही त्यांच्या लेखीं सीमा नव्हती, रस्ता होता. मिशिगन हें नांवहि त्यांच्याच भाषेंतील 'मोठें पाणी' या अर्थाच्या शब्दावरून आलें. मागाहून आलेल्या फ्रेंचांनींहि पाणी पाहूनच नांवें दिलीं. १७०१ मध्यें वसलेल्या डेट्रॉइटच्या नांवाचा अर्थ सामुद्रधुनी, आणि सू या गांवाच्या नांवाचा अर्थ नदीचा खळाळ.

पुढें मात्र पाणी न पाहतां कागदावर रेघा ओढणारांचें राज्य आलें. १७८७ च्या कायद्यानें या मुलुखांतील एक सीमा मिशिगन सरोवराच्या दक्षिण टोंकांतून सरळ पूर्वेकडे जावी असें ठरविलें. परंतु तत्कालीन नकाशांत तें टोंक खऱ्या जागेहून बरेंच उत्तरेस दाखविलेलें होतें. खरी रेघ काढली तर मॉमी नदीच्या मुखावरील टोलेडो बंदर मिशिगनकडे जाई. नकाशाची रेघ धरली तर तें ओहायोकडे जाई. १८२५ मध्यें ईरी कालवा खुला होऊन वसाहतवाल्यांचा ओघ सुरू झाला, तसतशी या बंदराची किंमत वाढली. १८३५ मध्यें दोन्ही पक्षांनीं शिपाई उभे केले. एका अधिकाऱ्यास चाकूची जखम झाली, यापलीकडे या 'युद्धांत' रक्त सांडलें नाहीं.

ओहायो हें मतें असलेलें राज्य. मिशिगन हा अजून राज्यपदाचा उमेदवार. अमेरिकेच्या काँग्रेसनें १८३६ मध्यें अट घातली: सुमारें ४७० चौरस मैलांची ती पट्टी सोडा, आणि त्याबद्दल उत्तर द्वीपकल्पाचा पश्चिमेकडील सुमारें ९,००० चौरस मैलांचा मुलूख घ्या. मिशिगनच्या प्रतिनिधींनीं सप्टेंबरांत ही अट धुडकावली. ज्याची जमीन विस्कॉन्सिनला लागून आहे आणि आपल्यापासून पांच मैल पाण्यानें तुटलेली आहे, तें हिमाचें ओसाड रान घेऊन काय करावयाचें, असा त्यांचा सवाल होता. डिसेंबरांत नाइलाजानें ती मान्य झाली, आणि २६ जानेवारी १८३७ रोजीं मिशिगन राज्य झालें.

अवघीं चार वर्षें लोटलीं, आणि १८४१ मध्यें भूगर्भशास्त्रज्ञ डग्लस हॉटन यानें तेथील तांब्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. १८४४ मध्यें विल्यम बर्ट हा मोजणीदार काम करीत असतां त्याच्या होकायंत्राची सुई उत्तर सोडून भलतीकडेच वळूं लागली. आसपास शोधतां लोखंडाचे खडक सांपडले. पण सुपीरिअरचें पाणी ह्यूरनहून सुमारें २१ फूट उंच. मधल्या सेंट मेरी नदीच्या खळाळामुळें जहाजांतील माल उतरवून जमिनीवरून वाहून न्यावा लागे. १८५५ मध्यें तेथें दारांचा कालवा झाला. जहाज आंत घेऊन दारें मिटावयाचीं आणि पाणी भरून किंवा सोडून त्यास वर चढवावयाचें वा खालीं उतरवावयाचें, ही ती युक्ति. मग तें लोखंड दक्षिणेच्या भट्ट्यांकडे वाहूं लागलें. ज्या रानाला प्रतिनिधींनीं नाक मुरडलें होतें, तें टोलेडोहून किती तरी पटींनीं मोलाचें ठरलें.

परंतु या सौद्याची खरी किंमत कोणी दिली? ज्या १८३६ सालीं काँग्रेस हा मुलूख वांटीत होती, त्याच सालीं वॉशिंग्टनच्या तहानें ओडावा व ओजिब्वे यांच्याकडून उत्तर द्वीपकल्पाचा पूर्वभाग आणि दक्षिणेचा वायव्य भाग घेण्यांत आला. पश्चिमेकडील तांब्याचा मुलूख १८४२ च्या तहानें गेला. म्हणजे जो प्रदेश भरपाई म्हणून दिला, तो देतेवेळीं देणाराच्या हातीं आलेलाहि नव्हता! जमीन गेली, पण पाण्यावरचा हक्क त्या लोकांनीं सोडला नाहीं. १९७९ मध्यें अमेरिकेच्या संघन्यायालयानें १८३६ च्या तहान्वये त्यांचा सरोवरांतील मासेमारीचा हक्क अबाधित असल्याचा निर्णय दिला.

१ नोव्हेंबर १९५७ रोजीं मॅकिनॉ सामुद्रधुनीवरील सुमारें पांच मैलांचा पूल खुला झाला, आणि कायद्यानें एकत्र आणलेलीं हीं द्वीपकल्पें १२० वर्षांनीं रस्त्यानें जोडलीं गेलीं. तरी पाण्याचा अधिकार संपलेला नाहीं. १९७५ च्या नोव्हेंबरांत सुपीरिअरच्या वादळानें ७२९ फूट लांबीचें 'एडमंड फिट्झजेरल्ड' हें जहाज २९ खलाशांसह गिळलें. २००८ मध्यें अमलांत आलेल्या करारानें सरोवरांभोंवतींच्या आठ राज्यांनीं हें पाणी आपल्या खोऱ्याबाहेर नेण्यास, कांहीं मोजके अपवाद सोडून, बंदी केली आहे. १८३६ सालीं भांडण झालें तें जमिनीच्या पट्टीसाठीं. तांबें पुष्कळसें काढून झालें, पाइनचीं जुनीं अरण्यें तोडून झालीं. आतां जपावयाचें उरलें आहे तें पाणी. मूळच्या रहिवाशांनीं त्या भूमीला पाण्याचें नांव दिलें होतें तें किती यथार्थ होतें, हें नकाशे काढणारांच्या वंशजांना कळण्यास पावणेदोनशें वर्षें लागलीं, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.