कामगार संबंधांचे शिक्षण : बारावीनंतर काय लागते?

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, मालेगावच्या यंत्रमागांवर आपली हजारो माणसे राबतात. पगार, पीएफ, बोनसचे कायदे जाणणारी मुले मात्र आपल्यात कमीच. म्हणून विचारायला येणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही हा मार्ग सांगतो.

बारावी कोणत्याही शाखेची चालते. आर्ट्स असो की उर्दू माध्यम. नंतर बीएसडब्ल्यू, बीए किंवा बीकॉम करावे. बीएला अर्थशास्त्र, समाजशास्त्र घेतले तर पुढे सोपे जाते.

पदवीनंतर पुणे विद्यापीठाची कामगार कायदे व कामगार कल्याण पदविका आहे, एक वर्षाची. किंवा मुंबईत परळला नारायण मेघाजी लोखंडे महाराष्ट्र श्रम विज्ञान संस्थेत दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी.

1948 च्या कायद्याने 500 कामगारांच्या कारखान्यात कल्याण अधिकारी सक्तीचा केला. 2020 च्या संहितेत हा आकडा 250 आहे. या पदासाठी आपला कोर्स मान्य आहे का, हे फी भरण्याआधीच विचारा.

आणखी एक अट, बहुसंख्य कामगारांची भाषा येणे. तेव्हा उर्दू शाळेतल्या मुला-मुलींनो, मराठी आतापासूनच पक्की करा. दोन्ही भाषा येणाऱ्याला कामगारही आपला मानतो.