चिलखताचं तेलपाणी

खंडेनवमीला आमच्या घरी नांगराचा फाळ, कोयता, विळे, खुरपी, पहार धुऊनपुसून पाटावर मांडतात. त्याला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहतात. माझ्या लहानपणी आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, त्याच्या आधी दुसरं एक काम असायचं. वाड्यावर जाऊन इनामदारांचं चिलखत साफ करायचं. हे काम आजोबांपासून आमच्याकडं होतं.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. इथला पाऊस काय असतो ते ज्याला माहीत त्याला सांगायला नको. जूनमध्ये खुंटीला टांगलेलं खुरपं गणपतीपर्यंत तांबडं होतं. अशा गावात लोखंडाचं कापड सांभाळायचं म्हणजे खेळ नव्हे.

लोखंडाचं कापडच म्हणायचं ते. चिलखत म्हणजे पत्रा असं मला वाटायचं. पण ते सगळं बारक्या कड्यांचं होतं. एक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवलेली, तिची टोकं ठोकून चपटी केलेली आणि त्यात टाचणीच्या डोक्याएवढं रिबिट मारलेलं. अशा हजारो कड्या. वजन आठ-दहा किलो भरलं असतं. उचललं की भिजल्या गोधडीसारखं लोंबायचं.

आबा म्हणायचे, "चिलखताला तलवारीपरास घामाचं भ्या जास्त." खरंच आहे. घामात मीठ, आणि मीठ लोखंडाला खातं. म्हणून आत कापूस भरलेला जाड अंगरखा घालायचे. तो मार झेलायचा आणि घामही टिपायचा. शिवाय चिलखत अंगावर असलं की कड्या एकमेकींवर घासून आपोआप साफ राहतात. रोजच्या नांगरटीतला फाळ कसा चकचकीत असतो, आणि पडवीत पडलेला तांबडा होतो, तसंच. पडून राहिलेल्या चिलखताचीच काळजी जास्त.

आबांची रीत ठरलेली. गोणपाटाच्या पोत्यात उन्हात वाळवलेलं भाताचं तूस घालायचं, त्यात चिलखत टाकायचं, दोघांनी दोन टोकं धरून हेलकावे द्यायचे. तूस प्रत्येक कडीत शिरून गंज घासून काढतं. विलायतेत याच कामाला पिंपात वाळू घालून ते पिंप लोळवत, असं पुढं वाचनात आलं. मग दिवसभर ऊन, आणि ऊन उतरल्यावर चिंधीनं खोबरेलाचा हात. जवसाचं तेल चालत नाही, ते वाळून चिकटतं आणि त्यात धूळ बसते. शेवटी सागवानी पेटीत आडवं पसरून ठेवायचं. खुंटीला टांगलं तर स्वतःच्या वजनानं खांद्याच्या कड्या ताणतात.

१० नोव्हेंबर १६५९ ला प्रतापगडाखाली महाराज अफझलखानाला भेटायला गेले तेव्हा अंगरख्याखाली चिलखत होतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. आमची कोयना उगम पावते त्याच डोंगरांतला तो गड. तारीख बघा, नोव्हेंबर. म्हणजे जावळीचा पावसाळा नुकताच सरलेला. मला शेतकऱ्याला पहिला प्रश्न पडतो तो असा, की ते चार महिने लोखंड कोरडं कुणी ठेवलं असेल? कुणीतरी ऊन दाखवलं असणार, तेल लावलं असणार. त्या माणसाचं नाव कुठं येत नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात मात्र गडाच्या दारूखान्याबद्दल ताकीद आहे, की हवालदारानं आठ-पंधरा दिवसांनी दारूची मडकी, बाण बाहेर काढून ऊन द्यावं. हत्यार घडवणाऱ्याइतकीच राखणाऱ्याची किंमत त्या राज्यकारभाराला कळत होती.

पुढं बंदुका सुधारल्या. गोळीपुढं कडी टिकेना, आणि चिलखतं वाड्यांच्या पेट्यांत गेली. आमच्या वाड्यातलं तसंच राहिलं. १९६७ च्या डिसेंबरात कोयनेचा भूकंप झाला, वाड्याची भिंत पडली. इनामदार पुण्याला गेले आणि पेटी आमच्या घरी आली.

१९७६ ला मी दहावी झालो. त्या नवमीला आबांचा पाय मोडलेला. म्हणाले, "औंदा तू कर." मला तूस वाळवायचा, पोतं हलवायचा कंटाळा. तांब्याच्या भांड्याला लावतात तशी चिंच लावली. चिलखत असं लखलखलं की मीच खूश. नुसतं पाण्यानं विसळलं, नीट वाळवलं नाही, तेल तर लावलंच नाही. पेटीला वाळवी लागलेली, म्हणून रासायनिक खताच्या रिकाम्या प्लास्टिक पिशवीत घालून तोंड करकचून बांधलं. मला वाटलं, आता हवा नको की पाणी नको.

पुढच्या नवमीला पिशवी सोडली. आत तांबडा गोळा. चिंचेचा आंबूसपणा, खताचा खार आणि कोंडलेली ओल, तिन्हींनी मिळून कड्या एकमेकींत जाम केल्या होत्या. आबांनी तो रॉकेलात बुडवून ठेवला. आठवडाभर एकेक कडी सोडवत बसले. निम्म्या कड्या हातातच मोडल्या. मला एक शब्द बोलले नाहीत.

दिवाळीत इनामदार आले. आबा हात जोडून म्हणाले, "सरकार, माझ्याच्यानं हयगय झाली." मी दाराआड उभा होतो. इनामदार काही वेळ गप्प राहिले, मग उरलेलं फडक्यात बांधून घेऊन गेले. पिढ्यान् पिढ्याचं काम त्या दिवशी आमच्या घरातून गेलं. मी बाहेर आलो नाही. पुढं आबा बारा वर्षं होते, तरी मला ते बोलायला जमलं नाही.

पुण्याच्या केळकर संग्रहालयात गेलो होतो तेव्हा काचेमागची जुनी हत्यारं बघताना लोक ती कुणी चालवली असतील ते बोलत होते. मी कड्यांच्या फटीत गंज आहे का ते बघत होतो.

ती चूक माझी होती. आबांची नव्हती. इनामदारांच्या घरचं कुणी हे वाचत असेल तर त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं. नवमीला मी अजून फाळाशेजारी खोबरेलाची वाटी मांडतो. नातू विचारतो, "आबा, हिची कशाला पूजा?" यंदा त्याला हे सगळं सांगणार आहे.