नावांची गर्दी आणि एक तिरपी रेघ

वडगाव नावाची गावे आपल्या मुलुखात इतकी आहेत की, नुसते ‘वडगाव’ लिहून टाकलेले पत्र कोठे जाऊन पडेल याची शाश्वती कोणी देणार नाही. म्हणून तर आपण कोठे ‘बुद्रुक’, कोठे ‘खुर्द’, कोठे ‘मावळ’ अशी पुस्ती जोडली, आणि पत्रावर मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा लिहिण्याची सवय लावून घेतली. मात्र त्याच तालुक्याच्या बाजारात भेटलेला मनुष्य ‘वडगावास चाललो’ एवढेच म्हणतो आणि ऐकणाऱ्यास ते नेमके कळते. जवळच्या व्यवहारास लहान नाव पुरते, दूरच्यास लांब नाव लागते. संगणकास कामे सांगण्याकरिता ज्या भाषा निर्माण झाल्या, त्यांच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला. त्यांपैकी पीएचपी नावाच्या भाषेने तो सोडविताना काय सोसले, त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

आरंभीच्या काळी नावेच थोडी होती. 1957 साली आयबीएम कंपनीने फोरट्रान ही भाषा प्रसिद्ध केली. तीत कोणतेही नाव सहा अक्षरांहून मोठे असता कामा नये असा दंडक होता. ज्या 704 यंत्रासाठी ती रचली होती, त्याच्या स्मृतीतील एका घरात सहाच अक्षरे मावत. यंत्रे पुढे बदलली, पण दंडकाची सावली राहिली. सी भाषेच्या 1989 सालच्या प्रमाणानेदेखील, वेगवेगळ्या फायलींतील भाग एकत्र जोडताना नावाच्या पहिल्या सहा अक्षरांपलीकडे भेद ओळखला जाईलच, अशी हमी दिली नव्हती. हे जोडकाम करणाऱ्या प्रोग्रॅमला लिंकर म्हणतात. त्याच्याजवळ नावांची यादी एकच असे. दोन गृहस्थांनी आपापल्या घरी बसून लिहिलेल्या दोन फंक्शनांना एकच नाव पडले असेल, तर लिंकर काम तरी थांबवी, नाहीतर एकास गुपचूप बाजूस सारी.

यावर लोकांनी काढलेला पहिला तोडगा आपल्या ‘बुद्रुक-खुर्द’सारखाच होता, प्रत्येक नावाच्या आरंभी आपल्या घराण्याची खूण चिकटवावयाची. तोडगा चालला, पण नावे लांबत गेली, आणि जवळच्या माणसालाही दरवेळी पूर्ण पत्ता सांगावा लागला. तेव्हा भाषेनेच नावांसाठी वेगळाले वाडे बांधून द्यावेत, वाड्यात लहान नाव चालावे आणि बाहेरून हाक मारताना वाड्याचे नाव आधी घ्यावे, अशी कल्पना रुजली. इंग्रजीत याला नेमस्पेस म्हणतात. आपण नामक्षेत्र म्हणू. 1983 साली प्रमाणित झालेल्या अेडा भाषेने वाडा आणि नाव यांच्यामध्ये टिंब घातले. सी प्लस प्लसच्या 1998 च्या प्रमाणात दुहेरी कोलन आला. 1995 साली जाहीर झालेल्या जावाने इंटरनेटवरील पत्ते उलटे लिहून वाड्यांना नावे देण्याचा प्रघात पाडला. पत्ता एकाच मालकाचा असल्यामुळे वाड्याचे नावही आपोआप एकाच मालकाचे झाले. पर्ल भाषेने पूर्वी यासाठी इंग्रजी षष्ठीचे चिन्ह, म्हणजे वरचा स्वल्पविराम वापरला होता. मजकुरात कोणी ‘अमक्याचे घर’ असे साधे इंग्रजी वाक्य लिहिले, तर पर्लला त्यात वाड्याचे नाव दिसे आणि निराळेच काही छापले जाई. 1994 च्या पाचव्या आवृत्तीने दुहेरी कोलन पुढे आणला.

आता पीएचपीकडे वळू. रास्मुस लेरडॉर्फ यांनी 1995 साली ती प्रसिद्ध केली, ती आपल्या वैयक्तिक संकेतस्थळासाठी केलेली साधनांची एक पेटी म्हणून. पुढे जगातील असंख्य संकेतस्थळे तिच्यावर उभी राहिली. घर लहान असता बांधले आणि माणसे वाढत गेली, असा हा प्रकार होता. नावांची यादी एकच. झेंड फ्रेमवर्क या प्रसिद्ध संचात ‘झेंड_डीबी_टेबल_अॅब्स्ट्रॅक्ट’ अशी नावे लिहावी लागत. मधल्या अधोरेषा या वाड्याच्या भिंतींच्या जागी काढलेल्या खडूच्या रेघा होत्या. 2004 सालच्या पाचव्या आवृत्तीपूर्वी नामक्षेत्रे आणण्याचा एक यत्न झाला, परंतु तो मागे घेण्यात आला.

मग 2005 च्या नोव्हेंबरात जे घडले त्याने दुखणे उघड्यावर आले. पेअर नावाच्या सामाईक भांडारात तारखांचा हिशेब करणारा एक क्लास होता. त्याचे नाव नुसते ‘डेट’. 24 नोव्हेंबरला पीएचपीची 5.1.0 ही आवृत्ती निघाली आणि तिने स्वतःचाच एक ‘डेट’ क्लास आणला. एका नावाचे दोन क्लास एका यादीत राहू शकत नाहीत. म्हणजे ज्याने कित्येक दिवस नीट चाललेला आपला प्रोग्रॅम नव्या आवृत्तीवर नेला, त्याचा प्रोग्रॅम काही अपराध नसताना जागच्या जागी थांबावयाचा. चारच दिवसांनी, 28 नोव्हेंबरला, 5.1.1 निघाली आणि भाषेने आपला क्लास परत घेतला. पुढल्या वर्षी तिने ‘डेटटाइम’ असे लांब नाव घेऊन पुन्हा प्रवेश केला. स्वतःच्या घरात स्वतःलाच आडनाव लावून घेण्याची वेळ भाषेवर आली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

नामक्षेत्रे हवीत हे आता सर्वांस पटले. प्रश्न चिन्हाचा उरला. टिंब मजकुराचे तुकडे जोडण्याच्या कामी लागलेले, उजवी तिरपी रेघ भागाकाराकडे, बाण वस्तूंच्या अंगांकडे. पहिली पसंती दुहेरी कोलनास मिळाली, आणि चाचणीच्या आवृत्त्यांत तो बसविलाही. परंतु तो क्लासमधील फंक्शनला हाक मारण्यासाठी आधीच वापरात होता. समजा, कोणी ‘पत्ता’, मग दुहेरी कोलन, मग ‘छापा’ असे लिहिले. हे पत्ता नावाच्या क्लासातील फंक्शन, की पत्ता नावाच्या नामक्षेत्रातील? सी प्लस प्लसला हा संभ्रम पडत नाही, कारण त्या ओळीपाशी पोहोचण्यापूर्वी तिने सर्व घोषणा वाचलेल्या असतात. पीएचपी प्रत्येक फाइल स्वतंत्र वाचते. दुसऱ्या फायलीत काय आहे ते तिला प्रोग्रॅम चालू झाल्यावरच कळते. नियम कसाही केला तरी कोणाचा ना कोणाचा अर्थ बदलणारच होता.

तेव्हा उमेदवार चिन्हांची यादी झाली. तिहेरी कोलन, दोन तारका, दोन टक्केचिन्हे यांच्या जोडीला कोलनापुढे कंस घालून होणारा हसरा चेहराही त्या यादीत होता! टंकण्यास सोपे कोणते, चूक होण्याचा संभव कोठे कमी, असे निकष लावले गेले, आणि 2008 च्या ऑक्टोबरात डावीकडे कललेली तिरपी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, निवडला गेला. 30 जून 2009 रोजी निघालेल्या 5.3.0 आवृत्तीत तो रूढ झाला.

टीका पुष्कळ झाली. ही रेघ मजकुरात विशेष अर्थाने येतेच. दुहेरी अवतरणांत तिच्यापुढे इंग्रजी एन आला की नवी ओळ सुरू होते. म्हणजे एन अक्षराने आरंभ होणारे नाव तसेच अवतरणात लिहिले, की पत्ता मध्येच तुटून दोन ओळींत पडावयाचा. हे खरे आहे. परंतु एकेरी अवतरण वापरून ही आपत्ती टळते. माझ्या मते खरी मेख वेगळीच आहे. नामक्षेत्राच्या आत फंक्शनचे लहान नाव सापडले नाही, तर भाषा बाहेरच्या सार्वजनिक यादीत शोधते; क्लासच्या बाबतीत मात्र शोधत नाही. प्रोग्रॅममध्ये उद्भवणारी चूक पकडण्यासाठी ‘एक्सेप्शन’ हा सार्वजनिक क्लास आहे. त्याच्या आरंभी तिरपी रेघ घालण्यास लेखक विसरला, तर भाषा त्याच नामक्षेत्रातील ‘एक्सेप्शन’ समजते. तसा क्लास तेथे नसला तरी तक्रारीचा शब्दही काढत नाही. पहारेकरी भलत्याच वाड्याच्या दारात उभा आणि चोर सरळ निघून जातो. रेघ कुरूप आहे म्हणून ओरडणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी या दाराकडे पाहिले.

तिरप्या रेघेची चेष्टा हळूहळू थांबली. नामक्षेत्रांची उतरंड आणि फायलींच्या फोल्डरांची उतरंड एकच ठेवण्याचा संकेत पडला, त्यामुळे नावावरून फाइल सापडू लागली. 2020 सालच्या 8.0 आवृत्तीपासून भाषा संपूर्ण लांब नाव एकसंध शब्द म्हणून वाचते. तोवर राखीव शब्द वाड्याच्या नावात घालण्यास मनाई होती, ती उठली. आणि 2022 च्या डिसेंबरात 8.2 आवृत्तीने यादृच्छिक संख्या काढणारे नवे क्लास आणले, ते सार्वजनिक यादीत न घालता ‘रँडम’ नावाच्या स्वतंत्र नामक्षेत्रात, तिरप्या रेघेच्या पलीकडे ठेवले.