नाताळच्या हस्तनिर्मित शोभावस्तूंचा सामाजिक इतिहास : कागद व काच यांच्या विशेष संदर्भात

सारांश

नाताळच्या झाडावर टांगल्या जाणाऱ्या शोभावस्तू आज प्रामुख्याने बाजारातील माल म्हणून परिचित आहेत. तथापि त्यांचा प्रारंभ घरात, हाताशी असलेल्या स्वस्त साहित्यातून झाला. प्रस्तुत निबंधात जर्मनी, डेन्मार्क व अमेरिका येथील काही उदाहरणांच्या आधारे या वस्तूंच्या निर्मितीचा, त्यामागील श्रमाचा व त्यांच्या बदलत्या मूल्याचा आढावा घेतला आहे. स्वस्त व नाशवंत वस्तूंची दखल इतिहासलेखनात कमी घेतली जाते आणि त्यामुळे त्या घडविणाऱ्या स्त्रिया व मुले यांचे श्रमही नोंदीबाहेर राहतात, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : नाताळ, हस्तकला, गृहउद्योग, भौतिक संस्कृती, स्त्रीश्रम.

प्रस्तावना

सणांचा इतिहास लिहिताना धर्मविधी, राजाश्रय व लोकसमजुती यांचा विचार केला जातो. सणासाठी घराघरांत ज्या वस्तू तयार होतात, त्यांचा विचार मात्र क्वचितच होतो. कात्री, खळ, रंगीत कागद, पुठ्ठा, बेगड व दोरा एवढ्या साहित्यातून तयार झालेली वस्तू सण संपताच टाकून दिली जाते. ती संग्रहालयात पोहोचत नाही व दप्तरातही तिची नोंद होत नाही. म्हणूनच अशा वस्तूंचा इतिहास लिहिणे हा साधनांच्या अभ्यासाचाही प्रश्न ठरतो.

उद्दिष्टे

१. नाताळच्या हस्तनिर्मित शोभावस्तूंचा प्रारंभ व प्रसार समजून घेणे.
२. या वस्तूंच्या निर्मितीतील कौटुंबिक श्रमाचे स्वरूप तपासणे.
३. यंत्रनिर्मित मालामुळे हस्तनिर्मित वस्तूंच्या मूल्यात झालेल्या बदलाचा शोध घेणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत निबंधासाठी वर्णनात्मक व तुलनात्मक ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे.

कागदी फुलांपासून प्रारंभ

नाताळच्या सजविलेल्या झाडाचे सुपरिचित जुने वर्णन ऱ्हाइन नदीच्या खोऱ्यातील स्ट्रासबुर्ग येथील असून ते इ.स. १६०५ मधील आहे. त्यानुसार तेथील लोक घरातील दालनात सुचिपर्णी वृक्ष उभारून त्यावर रंगीबेरंगी कागदाची गुलाबपुष्पे, सफरचंदे, पातळ पापडीसारख्या चकत्या, सोनेरी वर्ख व मिठाई टांगत असत. या यादीतील बहुतेक वस्तू खाण्याच्या आहेत. हाताने घडविलेली शोभावस्तू म्हणून तीत प्रथम येते ती कागदाची फुले. म्हणजेच काचेचे गोळे प्रचारात येण्यापूर्वी सुमारे अडीच शतके कागद हा या सजावटीचा घटक होता. असे असूनही नाताळच्या शोभावस्तूंचा लोकप्रिय इतिहास बहुधा काचेपासूनच सुरू केला जातो. काच टिकते, कागद टिकत नाही, हे त्याचे एक कारण होय.

एकोणिसाव्या शतकात ही प्रथा जर्मनीबाहेर दृढ झाली. १८४८ मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ या साप्ताहिकात राणी व्हिक्टोरिया, प्रिन्स अल्बर्ट व त्यांची मुले सजविलेल्या झाडाभोवती उभी असल्याचे चित्र प्रसिद्ध झाले. १८५० मध्ये फिलाडेल्फियाच्या ‘गोडीज लेडीज बुक’ या स्त्रियांच्या मासिकाने तेच चित्र, राणीचा मुकुट वगळून, अमेरिकन कुटुंबाचे चित्र म्हणून छापले. मुकुट काढताच राजवाड्यातील प्रथा मध्यमवर्गीय घराची झाली. प्रथा घरात आल्यावर सजावट घरच्या ऐपतीप्रमाणे, म्हणजेच घरीच करणे, ओघाने आले.

शाळा व कागदकाम

कागदी शोभावस्तूंच्या प्रसारात शाळेचा वाटा महत्त्वाचा आहे. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांनी १८३७ मध्ये बाड ब्लांकेनबुर्ग येथे बालशिक्षणाची संस्था सुरू केली आणि १८४० मध्ये तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले. कागदाच्या घड्या घालणे, पट्ट्या विणणे व कातरकाम यांना त्यांच्या पद्धतीत शिक्षणाचे साधन म्हणून स्थान होते. कागदी पट्ट्यांच्या घड्यांतून होणारी एक चांदणी आजही जर्मनीत त्यांच्या नावाने ओळखली जाते.

डेन्मार्कमधील विणलेले कागदी हृदय हे याच परंपरेशी नाते सांगणारे उदाहरण होय. दोन रंगांचे घडी घातलेले कागद एकमेकांत गुंफून हे हृदय तयार होते व त्यात मिठाई ठेवता येते. परीकथाकार हान्स ख्रिस्टियन अँडरसन यांनी १८६० च्या सुमारास केलेले असे एक हृदय जतन झालेले आहे. १८७१ मध्ये तेथील गृहउद्योगविषयक नियतकालिकात ते तयार करण्याची माहिती छापून आली. विसाव्या शतकाच्या आरंभी लहान मुलांच्या हाताला वळण लावण्यासाठी ही विण शिकविली जाऊ लागली व ती घरोघर पोहोचली. एका नामवंताचे कागदी काम जपले गेले, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. त्याच काळातील अनाम मुलांनी व मातांनी केलेले काम त्या त्या नाताळाबरोबर संपले.

जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातील मोरावियन बंधुसमाजाची चांदणी हे आणखी एक उदाहरण आहे. नीस्की येथील मुलांच्या शाळेत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भूमितीच्या पाठाचा भाग म्हणून ही कागदी चांदणी करण्यात येऊ लागली. तिच्या सर्वपरिचित प्रकारात १८ चौरस व ८ त्रिकोण अशी २६ पृष्ठे असलेली घनाकृती कल्पिलेली असते. एक चौरस टांगण्यासाठी मोकळा ठेवून उरलेल्या २५ पृष्ठांवर कागदाची टोके बसविली जातात. पुढे १८९७ मध्ये हेर्नहुट येथे तिच्या व्यापारी उत्पादनाचा उद्योग उभा राहिला. वर्गातील पाठ प्रथम घरातील प्रथा व नंतर कारखान्याचा माल कसा होतो, हे या चांदणीच्या वाटचालीतून स्पष्ट होते.

लाउशा : घर हाच कारखाना

थुरिंगिया प्रदेशातील लाउशा या डोंगराळ गावी १५९७ मध्ये काचभट्टी स्थापन झाली. सफरचंदे व अक्रोड विकत घेण्याची ऐपत नसलेल्या एका कारागिराने १८४७ मध्ये काचेची फळे फुंकून झाडावर टांगली, अशी आख्यायिका तेथे सांगितली जाते. आख्यायिकेला पुरावा मानता येणार नाही. मात्र १८४८ च्या मागणी-वहीत नाताळच्या काचगोळ्यांची नोंद आढळते. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे उत्पादन सुरू झालेले होते, एवढे निश्चित म्हणता येते. १८६७ मध्ये गावात गॅस कारखाना सुरू झाल्याने स्थिर व तीव्र ज्योत उपलब्ध झाली आणि मोठे, पातळ गोळे फुंकणे शक्य झाले. आतून चकाकी आणण्यासाठी पुढे सिल्व्हर नायट्रेटचे द्रावण वापरले जाऊ लागले.

हे काम कुटुंबात चालत असे. पुरुष ज्योतीवर काच फुंकत, स्त्रिया चांदीचे द्रावण भरणे व रंगविणे ही कामे करीत, तर मुले टोके कापून धातूच्या टोप्या बसवीत. तयार माल पाठीवरील टोपल्यांतून सोनेबेर्ग येथील व्यापाऱ्यांकडे नेण्याचे कष्टाचे कामही बहुधा स्त्रियांकडे होते. कच्चा माल, मागणी व भाव या तिन्ही बाबी व्यापाऱ्याच्या हाती आणि श्रम, जागा व जोखीम मात्र कुटुंबाची, असे या व्यवस्थेचे स्वरूप होते. विडी उद्योगातील घरखेप पद्धतीशी परिचित असलेल्या महाराष्ट्रातील अभ्यासकाला हे स्वरूप अपरिचित वाटणार नाही. घरून काम करणाऱ्यांच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार १९९६ मध्ये संमत झाला. लाउशातील कुटुंबे काम करीत होती तेव्हा असे कोणतेही संरक्षण नव्हते.

१८८० मध्ये अमेरिकन व्यापारी एफ. डब्ल्यू. वूलवर्थ यांनी जर्मन काचवस्तूंची लहानशी खेप नाखुशीनेच विक्रीस ठेवली. ती थोड्याच दिवसांत संपली आणि त्यानंतर आयात वाढत गेली. स्वस्त वस्तूंच्या दुकानात नाममात्र किमतीला मिळणाऱ्या प्रत्येक गोळ्यामागे अशा कुटुंबांचे अल्पमोल श्रम होते. येथे ‘स्वस्त’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे करणे आवश्यक आहे. घरी केलेले कागदी हृदय स्वस्त असते, कारण साहित्य स्वस्त असते व श्रम स्वतःचे असतात. लाउशाचा गोळा स्वस्त होता, कारण दुसऱ्याचे श्रम स्वस्तात मिळत होते. दोन्ही वस्तू ‘हस्तनिर्मित’च होत. मात्र दोहोंमागील सामाजिक संबंध भिन्न आहेत.

यंत्र, युद्ध व पुन्हा हात

दुसऱ्या महायुद्धामुळे जर्मन मालाचा पुरवठा खंडित होणार, हे ओळखून अमेरिकेतील कॉर्निंग ग्लास वर्क्स या कंपनीने १९३९ च्या सुमारास विजेचे दिवे बनविणाऱ्या यंत्रावर शोभेचे गोळे तयार करण्यास प्रारंभ केला. १९४० मध्ये हे उत्पादन दिवसाला सुमारे ३ लक्ष गोळ्यांपर्यंत पोहोचले. युद्धकाळातील टंचाईमुळे आतील चांदीचा लेप वगळण्यात आला, तर धातूच्या टोपीची जागा पुठ्ठ्याने घेतली. यंत्रयुगाच्या ऐन भरातही टंचाई येताच आधार घ्यावा लागला तो पुठ्ठ्याचाच, ही बाब बोलकी आहे.

यंत्रामुळे हस्तनिर्मित वस्तू नाहीशी झाली नाही. तिचे मूल्य मात्र बदलले. पूर्वी जी परवडत होती म्हणून घरी केली जाई, ती आता घरी केलेली आहे म्हणून जपली जाऊ लागली. २०२० मध्ये युनेस्कोने चेक प्रजासत्ताकातील फुंकलेल्या काचमण्यांपासून नाताळच्या शोभावस्तू हाताने घडविण्याच्या परंपरेचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. कागदकामाच्या अनाम घरगुती परंपरांना असा मान मिळणे अधिक कठीण आहे, कारण त्यांना गाव नसते, कार्यशाळा नसते व विक्रीची वहीही नसते.

भारतीय संदर्भ : एक सावधगिरी

मराठीतील ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आहे. गोवा, वसई व मुंबई येथील ख्रिस्ती घरांसमोर नाताळात टांगली जाणारी चांदणी आणि दिवाळीतील आकाशकंदील यांत कामट्या, रंगीत कागद व खळ हे साहित्य समान दिसते. या साम्यावरून एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले, असा निष्कर्ष तत्काळ काढणे इतिहासशास्त्राच्या दृष्टीने योग्य नव्हे. बांबू व कागद सहज उपलब्ध असलेल्या प्रदेशात प्रकाश धरणारी हलकी वस्तू करावयाची झाल्यास तंत्र सारखे असणे स्वाभाविक आहे. देवाणघेवाण झाली असणे शक्य आहे. मात्र ती सिद्ध करण्यासाठी वस्तूखेरीज अन्य साधनेही हवीत.

निष्कर्ष

१. नाताळच्या शोभावस्तूंचा इतिहास काचेपासून नव्हे, तर कागद व खाद्यवस्तू यांपासून सुरू होतो.
२. कागदी वस्तूंच्या प्रसारात शाळा व नियतकालिके यांचे कार्य निर्णायक स्वरूपाचे आहे.
३. ‘हस्तनिर्मित’ या एकाच संज्ञेखाली घरगुती आनंदाचे काम व बाजारासाठीचे अल्पमोल काम या दोन भिन्न गोष्टी येतात. त्यांचा अभ्यास स्वतंत्रपणे होणे आवश्यक आहे.
४. वस्तू टिकली नाही म्हणून ती घडविणारा हात नव्हता, असे मानता येत नाही. नाशवंत वस्तूंच्या अभ्यासासाठी मौखिक साधनांचा आधार घेणे अपरिहार्य ठरते.

महाविद्यालयांतील इतिहास विभागांना या दिशेने कार्य करणे सहज शक्य आहे. नाताळाची चांदणी व गोठा, तसेच दिवाळीचा आकाशकंदील घरी करणाऱ्या ज्येष्ठ व्यक्तींच्या मुलाखती विद्यार्थ्यांनी घ्याव्यात. कोणते साहित्य वापरले, ते कोठून आणले, कोणी शिकविले, कामाला किती वेळ लागला आणि सणानंतर त्या वस्तूचे काय झाले, एवढे पाच प्रश्नही पुरेसे आहेत. या साध्या नोंदींतून आपल्या प्रदेशातील घरगुती श्रमाच्या इतिहासाचे एक साधन उभे राहील. ही माहिती सांगू शकणारी पिढी आपल्यात आहे, तोवरच हे काम होऊ शकेल.