ताम्रतारेचा सांधा : मोटारीच्या बॅटरीची अग्रे आणि घरगुती कारागिरी

यंत्रांचा इतिहास लिहिताना इतिहासकार बहुधा यंत्राच्या अंतर्भागाकडे पाहतो. यंत्राचा एक भाग दुसऱ्यास जेथे जोडला जातो, त्या सांध्याकडे त्याचे लक्ष क्वचितच जाते. मोटारगाडीच्या बॅटरीचेच पाहा. बॅटरी कोणी शोधली, हे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडते. परंतु तिच्या शिशाच्या खांबास जी जाड तार जोडलेली असते, तिच्या टोकाशी असलेली धातूची वाटी त्या तारेवर कशी बसविली जाते, आणि ती पद्धत कोठून आली, याविषयी ग्रंथ बहुशः मौन पाळतात. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र होय, पदार्थविज्ञान नव्हे. तथापि ह्या सांध्याची परिभाषा तपासू लागल्यावर शब्दांमागील क्रियेत शिरणे अपरिहार्य झाले, आणि ती क्रिया आपल्या स्वयंपाकघराच्या किती जवळची आहे हे ध्यानी आले.

प्रथम काही कालनिर्देश करणे इष्ट आहे. व्होल्टाने आपल्या चकत्यांच्या स्तंभाचे वर्णन 1800 साली रॉयल सोसायटीस पत्राने कळविले. पुनःपुन्हा भारित करता येणारा शिसे व आम्ल यांचा घट गास्तों प्लाँते याने 1859 साली सिद्ध केला. 1881 साली कामीय फोर याने शिशाच्या पत्र्यांवर शिशाच्या प्राणिदांचा लेप देऊन त्याची धारणाशक्ती पुष्कळ वाढविली. मोटारगाडीचा आणि ह्या घटाचा दृढ संबंध मात्र 1912 पासूनचा. त्या वर्षीच्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग याने सिद्ध केलेला विजेवर चालणारा आरंभक बसविण्यात आला, आणि हाताने दांडा फिरवून एंजिन सुरू करण्याची धोक्याची पद्धत हळूहळू मागे पडली. दांडा उलटा फिरून मनगट मोडणे ही त्या काळी नित्याची गोष्ट होती.

सांध्याच्या इतिहासात हे 1912 साल निर्णायक होय. तत्पूर्वी गाडीतील तारांतून दिव्यापुरता किंवा ठिणगीपुरता प्रवाह वाहत असे. आरंभकास क्षणभर का होईना, शेदीडशे अँपिअर आणि कधी त्याहूनही अधिक प्रवाह लागतो. ओहमचा नियम 1827 पासून ज्ञात होता, पण त्याचा कठोरपणा सामान्य गाडीमालकास आता प्रथमच जाणवू लागला. सांध्याचा रोध ओहमचा केवळ शंभरावा हिस्सा आहे असे समजू. दिव्यांचे दहा अँपिअर त्यातून जाताना व्होल्टचा दहावा हिस्सा तेवढा खर्ची पडतो. दिवे लख्ख लागतात. पण दीडशे अँपिअर जाऊ लागले की त्याच सांध्यात दीड व्होल्ट नाहीसा होतो आणि सव्वादोनशे वॅटची उष्णता तेथल्या तेथे निर्माण होते. म्हणून दिवे नीट लागतात, पण एंजिन हूं की चूं करीत नाही. असा अनुभव आलेला मनुष्य बॅटरीला दोष देऊन नवी विकत आणतो. वस्तुतः दोष पुष्कळदा सांध्याचा असतो. प्रस्तुत लेखकानेही एकदा हाच व्यर्थ खर्च केला आहे. नवी बॅटरी बसवूनही गाडी चालेना, तेव्हा एका वृद्ध मिस्त्रीने तारेच्या टोकास हात लावून पाहिला, ‘तापलंय’ एवढाच शब्द उच्चारला आणि कानस मागितली. अमेरिकेत 1950 नंतरच्या काही वर्षांत सहा व्होल्टच्या जागी बारा व्होल्टची पद्धती रूढ झाली. दाब दुप्पट झाल्यामुळे तेवढ्याच शक्तीस निम्मा प्रवाह पुरू लागला, आणि वाईट सांध्याचा अपराध काहीसा सौम्य झाला एवढेच.

सांधा बिघडतो का, हा प्रश्न आता घेऊ. बॅटरीतून निघणाऱ्या आम्लाच्या सूक्ष्म तुषारांमुळे तारेच्या उघड्या तांब्यावर निळसर हिरवी बुरशी चढते, ती बहुतांशी मोरचूद होय. द्राक्षबागेत चुन्याबरोबर कालवून फवारतात तेच. आता मराठी गृहिणीस हे रसायनशास्त्र नवे नाही. पितळेच्या भांड्यात ताक किंवा आमटी राहिली तर ती ‘कळकते’, असे ती म्हणते. आम्लाने तांब्यावर केलेल्या क्रियेस इतके नेमके क्रियापद फार थोड्या भाषांत असेल. कळकू नये म्हणून भांड्यास कल्हई करावयाची. आणि बॅटरीच्या तारेच्या टोकावरील वाटीस कारखाने कथलाचा किंवा शिशाचा मुलामा देतात तो ह्याच कारणास्तव. क्रिया एकच आहे; शब्द मात्र आपण इंग्रजीतून आणला आहे.

कल्हईच्या सामग्रीतील दोन शब्दांपाशी थोडे थांबणे आवश्यक वाटते, आणि भाषाशास्त्राच्या अध्यापकाला तेवढी सवलत वाचक देतील. ‘कथील’ हा शब्द संस्कृत ‘कस्तीर’ यावरून आलेला, आणि त्याचे ग्रीक ‘कास्सितेरोस’ याच्याशी नाते उघड आहे. ‘कल्हई’ हा शब्द अरबी-फारसी ‘कलई’ म्हणजे कथील यावरून आला. एकाच धातूची ही दोन नावे दोन निरनिराळ्या काळच्या व्यापाराची खूण अंगावर बाळगून आहेत. मराठीने एक नाव धातूस दिले व दुसरे क्रियेस. कल्हईवाला तापलेल्या भांड्यावर टाकतो तो नवसागर, रसशास्त्राच्या ग्रंथांतील ‘नवसार’ किंवा ‘नवसादर’, धातूवरील मळ खाऊन टाकतो आणि कथलास धातूशी एकजीव होऊ देतो. कासार, तांबट आणि सोनार यांची डाख देण्याची, म्हणजे झाळण्याची, सर्व विद्या ह्या एका सूत्रावर उभी आहे : आधी मळ काढा, मग उष्णता द्या, मग मृदू धातू आपण होऊन वाहू द्या.

घरी अल्प खर्चात तारेस टोक बसविण्याची जी पद्धत गॅरेजांतून रूढ आहे, ती हीच विद्या होय. शीतयंत्रास वापरतात तशा तांब्याच्या नळीचा बोटभर तुकडा कापावा. त्याचे अर्धे अंग हातोडीने चपटे करून त्यात बोल्टापुरते भोक पाडावे. उरलेल्या पोकळ अंगात डाखाचे बारीक तुकडे व थोडी राळ घालून नळी व्हाइसमध्ये उभी धरावी आणि बाहेरून तापवावी. डाख वितळून पाण्यासारखा हलू लागला की स्वच्छ घासलेल्या व आधीच डाख पाजलेल्या तारा आत खुपसाव्यात, आणि पूर्ण थंड होईतो हात हलू देऊ नये. येथे नवसागर मात्र वर्ज्य. भांडे नंतर धुता येते, तारांच्या जुडग्यात शिरलेला नवसागर धुता येत नाही, आणि तो आतून तांबे खात राहतो. कल्हईवाल्याची विद्या तारेकडे आणताना करावयाची दुरुस्ती ती ही एवढीच. दुसरी गोष्ट दक्षतेची. भारित होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, यास्तव ज्योतीचे काम बॅटरीपासून दूर करावे. आणि तार सोडविताना ऋणाग्र प्रथम सोडवावे, जोडताना शेवटी जोडावे.

हा सांधा कारखान्याच्या सांध्याहून हीन आहे काय? ह्या प्रश्नास इतिहास जे उत्तर देतो ते सरळ नाही. तारायंत्राच्या प्रारंभापासून शंभर वर्षे डाख दिलेला सांधा हाच उत्तम सांधा मानला जात होता. दाबून बसविलेल्या, डाखाविना टोकांचा मोठा प्रसार दुसऱ्या महायुद्धाच्या काळातला आहे. अमेरिकेत 1941 साली स्थापन झालेल्या एअरक्राफ्ट-मरीन प्रॉडक्ट्स ह्या संस्थेच्या नावातच त्याचे प्रयोजन स्पष्ट आहे : विमाने आणि जहाजे. हजारो सांधे जलद व एकसारखे व्हावयास हवे होते, आणि डाख देणारा कुशल हात प्रत्येक सांध्यामागे उभा करणे शक्य नव्हते. दाबाचा सांधा उत्तम साधला तर तारांमधील पोकळी नाहीशी होते, हवा व आम्ल आत शिरत नाहीत. शिवाय डाख तारेत पुढे झिरपून ती ताठ होण्याचा व गाडीच्या थरथरीने नेमकी तेथेच तुटण्याचा दोष त्यात नाही. पण ही सारी थोरवी योग्य मापाच्या साच्याची आहे. छिन्नी बोथट करून हातोडीने ठोकलेल्या वाटीत तारांमध्ये फटी राहतात. म्हणजे ज्याच्यापाशी महागडे दाबयंत्र नाही, त्याने कारखान्याची नक्कल करू नये. त्याच्या हाती जुनी आणि त्याच्या साधनांस अनुरूप अशी पद्धत आहे, ती डाखाची. तार मात्र टोकापासून थोड्या अंतरावर चापाने आवळून धरावी, म्हणजे थरथर सांध्यापर्यंत पोहोचत नाही.

परिभाषेविषयी अखेरचे. शास्त्रीय ग्रंथांत ‘टर्मिनल’ यास ‘अग्र’ हा शब्द योजिला आहे, व तो निर्दोष आहे. पण कोणत्याही गॅरेजात तो ऐकू येत नाही. तेथे खांबावर बसणारा तो ‘टर्मिनल’ आणि तारेच्या टोकावरचे ते ‘थिंबल’. इंग्रजीत हा शब्द मुळात शिंप्याच्या बोटातील टोपणाचा. त्यासाठी आपल्या शिंप्यांपाशी ‘अंगुस्तान’ हा शब्द पूर्वीपासून होता. ‘बॅटरी’चीही हीच तऱ्हा. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँक्लिनने विद्युत्‌संग्राहक बरण्यांच्या ओळीस तोफांच्या रांगेचे नाव दिले. आपल्याकडे तो शब्द आला आणि खेड्यापाड्यांत हातातल्या विजेच्या दिव्यासही लागू झाला. कोशकारांनी ‘विद्युत्‌घटमाला’ नोंदली आहे. डाख, झाळणे, कळकणे, कल्हई हे शब्दही कोशांत आहेत. पण तेथे ते भांड्यांच्या आणि दागिन्यांच्या संदर्भात अडकून पडले आहेत. वर उल्लेखिलेल्या मिस्त्रीला नळीच्या तुकड्याविषयी पुढे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “साहेब, आधी तारेला कल्हई पाहिजे. मग डाख आपसूक धरतो.”