जुनी गाडी ऑइल खाते? आधी मोजा, मग इंजिन उघडा

दीड लाख किलोमीटर झालेली पेट्रोल गाडी गॅरेजला नेली की एक वाक्य ठरलेलं असतं : "साहेब, इंजिनचं काम निघालंय." कधी ते खरं असतं, पण दरवेळी नाही. बरीच इंजिनं थोडंफार ऑइल खातच असतात. प्रश्न असतो तो किती आणि कुठून जातंय याचा.

सुरुवात दांडीपासून करावी. गाडी सपाट जागेवर लावा, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबा, दांडी काढा, पुसा, परत घाला आणि मग बघा. बहुतेक छोट्या गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचा फरक असतो. वरच्या खुणेपर्यंत भरून किलोमीटर लिहून ठेवा. समजा १,२०० किलोमीटरनंतर परत त्याच खुणेवर यायला ४८० मिली ऑइल लागलं, तर खप झाला हजार किलोमीटरला ४०० मिली. वर्षाला १० हजार किलोमीटर फिरणाऱ्याला ४ लिटर. लिटरला ४५० रुपये धरले तर १,८०० रुपये. इंजिन खोलायचा खर्च याच्या कित्येक पट. कॉमर्सवाल्याला हा हिशोब पटकन कळतो, पण गॅरेजात उभं राहिलं की आपण तो विसरतो.

लाल दिव्यावर मात्र विसंबू नका. तो ऑइलचा दाब पडल्यावर लागतो, पातळी कमी झाल्यावर नव्हे. मी स्वतः ही चूक केली आहे. कणकुंबीच्या अलीकडे एका वळणावर दिवा क्षणभर लुकलुकला आणि गेला. थांबून बघितलं तर दांडीचं टोक कोरडं! वळणावर उरलंसुरलं ऑइल एका बाजूला गेलं आणि पंपाला हवा लागली, एवढंच. तसाच पुढे गेलो असतो तर इंजिन जाम झालं असतं.

आता ऑइल जातं कुठे? आधी गळती बघा. रात्रभर गाडीखाली पुठ्ठा ठेवा. टॅपेट कव्हरचं पॅकिंग, क्रँकचं सील, चेंबरचा नट ही नेहमीची ठिकाणं. पुठ्ठा कोरडा असेल तर आरशात धूर बघा. आपल्याकडे त्यासाठी चोर्ला घाटासारखी जागा नाही. गोव्याकडे उतरताना ॲक्सिलरेटर सोडून गाडी गिअरवर उतरू द्या. खाली आल्यावर पाय दाबताच निळा धुराचा लोट निघाला, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन लगेच थांबतो, तेही त्याचंच लक्षण. उलट, घाट चढताना सतत निळा धूर असेल तर पिस्टन रिंगा झिजल्या असाव्यात. (पांढरा, गोडसर वासाचा धूर म्हणजे कूलंट जळतंय. ते दुखणं वेगळं, आणि तातडीचं.)

व्हॉल्व्ह सीलचं काम रिंगांच्या मानानं स्वस्त. म्हणून मेस्त्रीला आधी कॉम्प्रेशन बघायला सांगा. कमी दाखवलेल्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून परत मोजलं आणि दाब वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्हची बाजू. त्याआधी ब्रीदरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह तपासून घ्या. तो चोंदला तरी इंजिन ऑइल ओढतं, आणि तो भाग किरकोळ किमतीचा आहे.

जाड ऑइल घालायचा सल्ला सगळेच देतात. ५डब्ल्यू-३० चालणाऱ्या जुन्या गाडीत १०डब्ल्यू-४० घातल्यानं खप कमी होऊ शकतो, पण गाडीच्या पुस्तकात तो ग्रेड दिलेला असेल तरच. एकदम २०डब्ल्यू-५० वर उडी मारली तर थंड इंजिनात वरपर्यंत ऑइल पोचायला वेळ लागतो. वरच्या खुणेपेक्षा जास्त भरणं तर त्याहून वाईट : क्रँक ते घुसळून फेस करतो. आणि वरून भर घालतोय म्हणून ऑइल बदलायचं टाळू नका.

खप हजाराला लिटरच्या पुढे गेला, प्लग वारंवार काळे पडायला लागले किंवा पीयूसी नापास झालं, तर मग टाळू नये. जळकं ऑइल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही खराब करतं. मात्र खर्च करण्याआधी आरसी बुक काढून तारीख बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे ५-५ वर्षांनी नूतनीकरण. नूतनीकरण करायचंच नसेल तर रिंगांवर पैसे घालण्यात अर्थ नाही. उद्यमबागेत काम कितीही चांगलं होत असलं तरी.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी एवढं करा : सकाळी जा, आणि तुम्ही येईपर्यंत गाडी स्टार्ट करू नका असं मालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत जा.